‘टर्न्ड ऑफ इट’ चूक, मग ‘लुक्स आफ्टर इट’ बरोबर काहून?

वावरकाठची (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. मी गावात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. पडवीत 15-16 मुलं बसतात. माझं बी.ए. मराठीचं, इंग्रजी शिकवता शिकवता शिकले. हे आधीच सांगते, म्हणजे उत्तर कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळेल.

मागच्या आठवड्यात मुलांना ‘काल रात्री घरी काय झालं’ यावर पाच वाक्यं लिहायला दिली. सध्या आमच्याकडे थ्री फेज लाइन रात्रीची आहे आणि हरभऱ्याला पाणी सुरू आहे, त्यामुळे निम्म्या वह्यांत मोटरच होती. नववीतल्या एका मुलीनं लिहिलं, ‘माय फादर टर्न्ड ऑन द मोटर ॲट ट्वेल्व्ह. ॲट फोर आय वेन्ट विथ हिम अँड ही टर्न्ड ऑफ इट.’ पहिल्या वाक्यावर मी बरोबरची खूण केली. दुसऱ्यातलं ‘टर्न्ड ऑफ इट’ खोडून वर ‘टर्न्ड इट ऑफ’ लिहिलं.

ती वही घेऊन परत आली. म्हणे, ‘मॅडम, टर्न्ड ऑन द मोटर चालते. मग मोटरच्या जागी इट ठेवलं तं चुकलं काहून?’ मी म्हटलं, सर्वनाम असलं की मध्ये जातं. ती गेली आणि पाच मिनिटांत पुन्हा आली. या वेळी वहीचं मागचं पान उघडून आणलं होतं. दिवाळीआधी मीच फळ्यावर लिहून दिलेलं वाक्य तिथं होतं: ‘वुई हॅव अ काफ. माय ग्रँडमदर लुक्स आफ्टर इट.’ त्यातल्या ‘इट’खाली पेन्सिलीची रेघ. ‘इथं तं मधी नाही गेलं.’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ‘काही क्रियापदं तुटतात, म्हणजे मध्ये शब्द घेतात, काही तुटत नाहीत, पाठ करायचं’ असं म्हणून मी तिला बसवलं. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं, आणि ते मला दोन दिवस लागून राहिलं. मलाही शाळेत असंच बसवलं होतं. एका रकान्यात तुटणारे, दुसऱ्यात न तुटणारे, आणि परीक्षा झाली की दोन्ही रकाने डोक्यातून पुसलेले.

तर कोणतं तुटतं हे बघूनच ओळखायची काही रीत आहे का? आणि ‘मोटर’ला दोन्ही जागा मोकळ्या असताना ‘इट’ला एकच का? यादी माझ्याकडे आहे, ती नको. या पोरीला सांगता येईल असं कारण हवं.

बँकेची तयारी (मूर्तिजापूर)

ताई, मी दोन वर्षांपासून बँकेच्या परीक्षा देतोय. चुका शोधायच्या प्रश्नांत हे हमखास येतं. आमच्या अभ्यासिकेत आम्ही सगळे शेवटच्या शब्दावरून ओळखतो. मागे ॲट, फॉर, टु, ऑफ-इंडियावालं ‘ऑफ’, विथ, इन्टु, आफ्टर असलं तर कधीच तुटत नाही. लुक ॲट इट, वेट फॉर इट, लिसन टु इट, डील विथ इट. मागे अप, डाऊन, आऊट, अवे, बॅक, स्विच-ऑफवालं ‘ऑफ’, ऑन असलं तर तुटतं आणि ‘इट’ मध्ये घालायचं. पिक इट अप, राइट इट डाऊन, थ्रो इट अवे, गिव्ह इट बॅक. मला यानं दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर येतं.

तीन शब्दांचं असलं तर मात्र मध्ये काही घालायचं नाही. ‘पुट अप विथ इट’, ‘रन आऊट ऑफ इट’. बस्स.

वावरकाठची

दादा, आभार. पण उरलेल्या एक-दोन वेळाच मला अडवतात. ‘पुट ऑन द शर्ट’ घ्या, तिथं ‘पुट इट ऑन’. आणि ‘गेट ऑन द बस’ घ्या, तिथं ‘गेट ऑन इट’. शेवटचा शब्द तोच, ‘ऑन’. ती मुलगी सकाळी एसटीनं शाळेत जाते, उद्या ती मला नेमकं हेच विचारणार.

जुना मास्तर (दर्यापूर तालुका, अमरावती)

ताई, 34 वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं. मराठी शिकवलं आणि इंग्रजीही, आणि तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला माझ्या वर्गात फार उशिरा सुचला. आधी सुचला असता तर किती पोरांचे रकाने वाचले असते. म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजी क्षणभर बाजूला ठेवा आणि ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा.

‘टोपलं खाली ठेव.’
‘कोंबडी टोपल्याखाली ठेव.’

दोन्हीकडे ‘खाली’ आहे. पण पहिल्यात ‘टोपलं’ जसंच्या तसं राहिलं आणि ‘खाली’ सुटं लिहिलं. दुसऱ्यात ‘टोपलं’चं ‘टोपल्या’ झालं आणि ‘खाली’ त्याला चिकटलं. पहिलं ‘खाली’ ठेवण्याची दिशा सांगतं, त्याचं नातं क्रियापदाशी. ते क्रियाविशेषण अव्यय. दुसरं टोपल्याशी बांधलेलं, ते शब्दयोगी अव्यय. सातवी-आठवीची पोरं मराठीच्या तासाला हे दोन शब्द घोकतात आणि दुपारी इंग्रजीच्या तासाला विसरतात, कारण हे एकच प्रकरण आहे असं त्यांना कोणी सांगत नाही.

आता जागा बदलून बघा. ‘खाली ठेव टोपलं’ चालतं. आईच्या तोंडी दिवसातून दहादा येतं. पण ‘खाली टोपल्या कोंबडी ठेव’ म्हणून पाहा, दोन वर्षांचं पोरही असं बोलणार नाही. सुटा ‘खाली’ इकडून तिकडे जातो. चिकटलेला ‘खाली’ आपलं नाम सोडून हलत नाही.

इंग्रजीतही हेच आहे, फक्त इंग्रजीत चिकटणारा शब्द नामाच्या पुढे उभा राहतो आणि दोघांत जागा सोडून लिहितात, म्हणून डोळ्याला फरक दिसत नाही. ‘पुट डाऊन द बास्केट’ मधलं ‘डाऊन’ सुटं आहे, म्हणून ‘पुट द बास्केट डाऊन’ होतं. ‘लुक ॲट द बास्केट’ मधलं ‘ॲट’ म्हणजे आपलं ‘टोपल्याकडे’ मधलं ‘कडे’. ते बास्केट सोडून कुठं जाणार? ‘वेट फॉर’ मधलं ‘फॉर’ हे ‘साठी’, ‘डिपेन्ड ऑन’ मधलं ‘ऑन’ हे ‘पावसावर’ मधलं ‘वर’. ‘लुक आफ्टर’ला मी वर्गात ‘वासराच्या मागेमागे नजर’ असं सांगायचो. ‘मागे’ वासराला धरून आहे, म्हणून ‘आफ्टर इट’ची जोडी फुटत नाही.

आता तुमचं ‘ऑन’. ‘गेट ऑन द बस’ मध्ये कशावर चढलो? बसवर. ‘वर’ बसला लागलं. ‘पुट ऑन द शर्ट’ मध्ये शर्टवर काही ठेवलं का? नाही. शर्ट अंगावर चढवला. तिथं ‘ऑन’ शर्टला लागतच नाही, ते ‘पुट’बरोबर आहे. मुलांना एवढंच विचारायला लावा की हा छोटा शब्द नामाला चिकटवून मराठीत बोलता येतो का? ‘बसवर’ येतो, ‘शर्टवर’ अर्थ बिघडवतो. याच रीतीनं ‘ही रॅन अप द हिल’, तो टेकडीवर धावला, म्हणून ‘ही रॅन अप इट’. पण ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे दुकानात उधारी वाढवली. बिलावर कोणी धावलं नाही, म्हणून ‘ही रॅन इट अप’. मूर्तिजापूरच्या दादांनी दिलेली ओळखही याच कारणानं चालते. ॲट, फॉर, विथ हे इंग्रजीत बहुतेक नामालाच धरून येतात. अवे, बॅक हे सुटेच असतात. ऑन, ऑफ, अप, डाऊन, ओव्हर, थ्रू मात्र दोन्ही कामं करतात, आणि घोळ नेमका त्यांच्यापाशी होतो.

तीन शब्दांच्या क्रियापदालाही वेगळा नियम लागत नाही. ‘वुई रॅन आऊट ऑफ डिझेल’ मध्ये ‘आऊट’ सुटं, ‘ऑफ’ डिझेलला धरून. तेव्हा डिझेल ‘ऑफ’च्या मागेच राहणार.

मध्ये एखादं क्रियाविशेषण घालून पाहायचीही एक कसोटी आहे. ‘शी लुक्ड केअरफुली ॲट द काफ’ चालतं. ‘ही टर्न्ड क्विकली ऑफ द मोटर’ चालत नाही. पण ही कसोटी ज्याचा कान इंग्रजीला सरावला आहे त्याच्या कामाची. नववीच्या मुलीपुढे ठेवू नका.

आता ‘इट’चं. हा भाग मला जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण इथं चूक मुलांच्या बेफिकिरीनं होत नाही, त्यांच्या चांगल्या मराठीमुळे होते.

घरी तुम्ही विचारता, ‘मोटर चालू आहे का?’ उत्तर येतं, ‘नाही, बंद केली.’ काय बंद केली ते कोणी पुन्हा सांगत नाही. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट मराठी सरळ गाळते. इंग्रजीत गाळता येत नाही. मूल आधी मनात ‘बंद केली’ला ‘टर्न्ड ऑफ’ जोडतं, मग त्याला आठवतं की मॅडम म्हणाल्या होत्या, ‘इट’ लागतं. तोवर वाक्य संपलेलं असतं, म्हणून ते शेवटी येऊन बसतं. अशा किती वह्या मी तपासल्या! काहींत ‘इट’ दुसऱ्या शाईनं, मागाहून लिहिलेलं असे.

आणि शेपटाला ते का चालत नाही? बऱ्याच भाषांत जोर पडायची एक जागा असते. आपली जागा क्रियापदाच्या अगदी अलीकडे. ‘मोटर बाबांनी बंद केली’ म्हटलं की कोणी, यावर भर. ‘बाबांनी मोटर बंद केली’ म्हटलं की काय, यावर भर. इंग्रजीत भराची जागा बहुधा वाक्याच्या शेवटी. नवी, वजनाची गोष्ट तिथं येते. ‘मोटर’ पहिल्यांदा सांगायची असेल तर ती शेवटी शोभते आणि मध्येही चालते. ‘इट’मध्ये नवीन काहीच नाही, ते आधीच्या वाक्यातून आलेलं. त्याला भराच्या जागेवर बसवून इंग्रज माणूस ‘ऑफ’ ही खरी बातमी मध्ये दडपत नाही. तो ‘इट’ क्रियापदाच्या कुशीत घालतो आणि ‘ऑफ’वर आवाज टाकतो. उलट कर्म लांबलचक असलं, समजा ‘मागच्या वर्षी दारव्ह्यातून आणलेली पाच हॉर्सपॉवरची मोटर’, तर ते मध्ये घातल्यावर ‘ऑफ’ येईस्तोवर ऐकणारा थकतो. म्हणून लांब कर्म शेवटीच बरं.

मग ‘लुक्स आफ्टर इट’ मध्ये ‘इट’ शेवटी कसं खपतं? त्याला दुसरी जागाच नाही. ‘आफ्टर’ला आपलं नाम मागे लागतंच. पण बोलताना तिथं ‘इट’वर आवाज पडत नाही, हे म्हणून बघा.

सगळं या एका चौकटीत बसतं असं मी म्हणणार नाही. ‘रन ओव्हर’, म्हणजे गाडीखाली चिरडणं, दोन्ही तऱ्हेनं ऐकू येतं, ‘रॅन ओव्हर इट’ आणि ‘रॅन इट ओव्हर’. दोन सारखे बैल ओळखू येत नाहीत हे सांगायला ‘आय कान्ट टेल देम अपार्ट’ म्हणतात, तिथं कर्म सहसा मध्येच ठेवतात, नाम असलं तरी. आणि ‘द मोटर ब्रोक डाऊन’ला कर्मच नाही, तिथं तोडायचा प्रश्न येत नाही. अशी दहा-बारा क्रियापदं पाठ करावीच लागतील. पण दोनशे नाही.

त्या मुलीला माझ्याकडून एक सांगा. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये इंग्रजीचा मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतः नोंदवलं आहे की क्रियापदामागे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. तिला जड गेलं यात तिचं काही कमी नाही.

पोथी-पुस्तक (कारंजा, वाशीम)

मास्तरांच्या उत्तरात एवढंच जोडतो. आपल्या संस्कृतातही हे होतं. ‘आगच्छति’, ‘निर्गच्छति’ मधले आ, निर् हे उपसर्ग आज धातूला चिकटलेले दिसतात. पाणिनी सांगतो की ते धातूच्या आधी येतात, आणि लगेच पुढे सांगतो की वेदांच्या भाषेत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही राहतात. म्हणजे उपसर्ग एकीकडे, क्रियापद तिकडे, मध्ये चार शब्द. जर्मन भाषेत आजही अशी तुटणारी क्रियापदं आहेत.

इंग्रजीतही जुन्या पद्धतीचे पुढे चिकटलेले शब्द उरले आहेत. रस्त्यावरचं ‘ओव्हरटेक’ सगळ्यांना माहीत आहे, ते तुटत नाही. ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणं, ते तुटतं. तेच दोन शब्द, जागा बदलली की अर्थ वेगळा आणि वागणूकही वेगळी. ‘अपसेट’ आणि ‘सेट अप’ही तसंच.

रुईवाला (हिंगणघाट)

मॅडम, मी जिनिंगमध्ये फिटर आहो, शिक्षण दहावी. मास्तरसायबांनी व्याकरण सांगितलं, मी कानाचं सांगतो.

आमच्या मशिनीचा इंजिनेर दक्षिणेकडचा आहे. त्याले मराठी येत नाही, हिंदीही कच्ची, म्हणून फोनवर इंग्रजीत सांगते. सुरवातीले मले काहीच समजे नाही, कारण पुस्तकात ‘टर्न’, ‘इट’, ‘ऑफ’ असे तीन शब्द हायेत अन् तो म्हणते ‘टर्निटॉफ’. एकच शब्द. ‘पिकिटप’. ‘पुटिटॉन’. ‘देम’ असलं तं ‘पिकेमप’. मंग एका सीझनले असं झालं का तो म्हणाला ‘स्लोइट डाऊन’. मले पुढचं काही उमजलं नाही, फक्त ‘डाऊन’ ऐकू आलं. म्या समजलो शट डाऊन, अन् मशीन बंदच केली. वेग कमी करायचा होता फक्त. बाहेर कापसाच्या गाड्याईची लाइन लागून होती, अर्धा घंटा गेला. मालक काही बोलला नाही, पण मले रातभर झोप नाही आली.

तवापासून मी फोन ठेवला का तो जे बोलला ते जसं ऐकू आलं तसंच मराठीत वहीत लिहून घेतो. टर्निटॉफ, टर्निटडाऊन, स्लोइटडाऊन, शटिटडाऊन. समोर अर्थ. आता चुकत नाही. मंग कोणी मले ‘टर्न ऑफ इट’ म्हणलं तं कानालेच खटकते, नियम आठवा लागत नाही. तुमी पोराईले हे मोठ्यानं म्हणाले लावा, एका दमात.

अन् अजून एक. बाया कापूस वेचून राहिल्या ते ‘पिक’. तिथं ‘अप’ लावू नका. वेचलेलं बोचकं धुऱ्यावरून उचललं ते ‘पिक अप’. आमच्या इथं नव्या पोराईचं हे हमेशा चुकते. ‘दे पिक्ड द कॉटन. द ट्रक पिक्ड इट अप.’

वावरकाठची

चार दिवसांनी लिहितेय, कारण आधी वर्गात करून पाहायचं होतं.

सर, तुम्ही लिहिलं तसंच केलं. घरातलं बांबूचं टोपलं पडवीत आणून ठेवलं. कोंबडीऐवजी डस्टर. ‘टोपलं खाली ठेव’, ‘डस्टर टोपल्याखाली ठेव’. सातवीतला एक भाऊ बहिणीसोबत येऊन बसतो, तोच पहिल्यांदा ओरडला, ‘मॅडम, टोपलंचं टोपल्या झालं!’ मग मी फळ्यावर बस आणि शर्ट लिहिले, आणि कोण कशाला चिकटतं ते मुलांनीच ठरवलं. ‘शर्टवर’ म्हटल्यावर सगळे हसले, आणि त्या हसण्यातच त्यांना कळलं. ‘लुक फॉर’ला मुलं अडली, कारण मराठीत ‘शोध’ हा एकच शब्द आहे आणि त्यात चिकटवायला काही मिळत नाही. तिथं मूर्तिजापूरच्या दादांची ओळख कामी आली, ‘फॉर’ आहे म्हणजे तुटणार नाही.

भाऊ, तुमची वही मी वर्गाला वाचून दाखवली. शेवटची दहा मिनिटं नुसतं ‘टर्निटॉफ, पिकिटप’ चाललं होतं. समोरच्या घरच्या काकू बघायला आल्या काय झालं म्हणून.

आणि ती मुलगी. तिनं आपलं आपणच काहीतरी शोधून आणलं. म्हणाली, ‘मॅडम, आपल्याकडं पण मधी जाते ना. बाबा म्हणतात, बंद तं कर. लिहून तं घे. पण बंद मोटर कर असं कोणी नाही म्हणत.’ म्हणजे हलका शब्द आपणही मध्ये शिरू देतो, जड शब्द नाही. मी तिला सांगितलं की इंग्रजीत ‘मोटर’ही मध्ये बसते, तेवढा फरक लक्षात ठेव. तिनं ते लिहून घेतलं. सर, तिचं हे बरोबर आहे ना? मला तरी फार आवडलं.

जुनं वाक्य तिनं खोडलं नाही. खाली नवीन तारीख टाकून नवं लिहिलं. काल रात्रीही त्यांच्याकडे पाणी होतं. ‘माय फादर टर्न्ड ऑन द मोटर ॲट ट्वेल्व्ह. ॲट फोर ही वॉज स्लीपिंग, सो आय वेन्ट विथ माय ब्रदर अँड टर्न्ड इट ऑफ.’